सळईच्या जोडाला 'माया' सोडा

कापडाच्या व्यापाऱ्याने लोखंड-सिमेंटवर लिहावे, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. परंतु पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात आमच्या ज्या ज्या बांधवाने मेहनतीने चार पैसे गाठीला बांधले, त्याने पुढचे काम कोणते केले ते पाहा. जागा घेतली आणि बांधकाम काढले. कोणी गाळा बांधला, कोणी वर्कशॉप, कोणी गोडाऊन, कोणी घरावर घर. आयुष्याची कमाई काँक्रीटमध्ये गेली. आणि ज्या वस्तूत आयुष्याची कमाई जाते, तिच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नसते. कापडाचा पोत आपण बोटांनी ओळखतो. कॉलमच्या पोटात काय दडले आहे ते मात्र आपण ठेकेदाराला विचारतो, आणि तो सांगेल ते मान्य करतो.

आम्हीही तेच केले. त्याची किंमत एकदा मोजली आणि दुसऱ्यांदा मोजता मोजता वाचलो. तो तजुर्बा व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेख.

जुन्या गाळ्याने दिलेला धडा

आमच्या जुन्या गाळ्याची इमारत १९९६ च्या सुमाराची. २०१९ च्या पावसाळ्यानंतर मागच्या बाजूच्या एका कॉलमला फरशीपासून गुडघाभर उंचीवर उभी भेग दिसली. लांबी हातभर. आम्ही गवंडी बोलावून ती सिमेंटने भरून घेतली, वरून रंग मारला आणि विसरून गेलो. पुढच्या वर्षी भेग पुन्हा उघडली, आणि या वेळी तिच्यातून तांबूस ओघळ आला होता.

दुरुस्ती करणाऱ्या माणसाने छिन्नीने टवका काढला तेव्हा आतला प्रकार दिसला. त्या ठिकाणी दोन सळया शेजारी-शेजारी होत्या, म्हणजे तो सळईचा जोड होता. जोडाच्या बाहेर काँक्रीट किती? करंगळीच्या जाडीएवढेही नाही. सळया गंजून फुगल्या होत्या, वरचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटून आले होते. नवल पुढेच आहे. त्याच सळईवर जोडाच्या वर हातभर अंतरावर उकरले, तर तेथे काँक्रीट चांगले जाड आणि सळई धडधाकट. लोखंड तेच, सिमेंट तेच, पाऊसही तोच. जोड होता तेथेच घात झाला.

आम्ही कापडवाले. आमच्या तोंडून आपसूक निघाले, "शिवण कडेला गेली!" आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातले. शिवणीच्या बाहेर जे जादा कापड राखतात त्याला मराठीत 'माया' म्हणतात, हा शब्द आम्हाला आमच्याकडे शिलाईकाम करणाऱ्या एका बाईंनी शिकवला. माया न सोडता अगदी काठावर शिवण मारली तर दोरा कितीही मजबूत असो, कापड उसवते. सळईच्या जोडाचे अगदी तसेच आहे. जोड तुटत नाही. जोडाभोवतीची माया कमी पडते आणि काँक्रीट उसवते.

कव्हर कशासाठी?

सळईच्या बाहेरच्या बाजूला काँक्रीटचा जो थर राहतो, त्याला कव्हर म्हणतात. ते मुख्य सळईपासून मोजायचे नसते. सर्वांत बाहेरचे लोखंड म्हणजे रिंग, तिच्या बाहेरच्या कडेपासून ते मोजायचे. प्लास्टर त्यात धरायचे नसते.

भारतीय मानक आय.एस. ४५६, जे २००० साली सुधारून आले, त्यात कव्हरचे आकडे दिलेले आहेत. आत सुरक्षित असलेल्या कामाला किमान २० मि.मी., पाऊस-पाण्यात उघड्या असलेल्या कामाला ३०, जोराचा पाऊस व ओल-सुकीचा मारा किंवा समुद्रकिनाऱ्याची हवा असेल तर ४५, संक्षारक वाफा किंवा खाऱ्या पाण्याचे तुषार असतील तर ५० आणि रसायनांशी थेट संबंध येत असेल तर ७५ मि.मी. कॉलमला साधारणपणे ४० मि.मी. हवेच, आणि फुटिंगला किमान ५०. शिवाय कोणत्याही सळईचे कव्हर तिच्या स्वतःच्या व्यासापेक्षा कमी नसावे.

ताज्या काँक्रीटचा गुण असा की त्यात लोखंड गंजत नाही. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो आणि तो गुण मारत मारत सळईपर्यंत पोचतो. या मुरण्याचा हिशेब व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खोली दुप्पट व्हायला वेळ साधारण चौपट लागतो. याचा उलटा अर्थ असा, की ४० मि.मी. ऐवजी २० मि.मी. कव्हर राहिले तर संरक्षण निम्मे होत नाही, पाव होते. आणि गंज चढला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ती जागा मिळवण्यासाठी तो काँक्रीट फोडतो.

मोठमोठ्या कामांनाही गंजाने सोडलेले नाही. गोव्यात पणजी येथील मांडवी नदीवरचा १९७० मधील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तेथे काँक्रीटच्या आतल्या ताण दिलेल्या तारा गंजल्या होत्या. आपल्या जवळचे पाहायचे तर इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना, गंजलेला लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण दगावले. तो उघड्या लोखंडाचा होता, म्हणून गंज निदान डोळ्यांना दिसत होता. आपल्या गाळ्यातील लोखंड झाकलेले असते. ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

जोडावर दोन ओझी

सळई साधारणपणे १२ मीटर लांबीची येते. कॉलम मजल्या-मजल्याने चढतात, बीम लांब जातात, म्हणून जोड टळत नाही. नेहमीचा जोड म्हणजे लॅप. दोन सळया ठराविक लांबीपर्यंत शेजारी ठेवून बाईंडिंग वायरने बांधतात. पुष्कळ लोकांना वाटते की ती तारच जोड धरते. तार फक्त काँक्रीट पडेपर्यंत सळया जागेवर ठेवते. पुढे जोर एका सळईतून दुसऱ्या सळईत जातो तो मधल्या व भोवतालच्या काँक्रीटमधून.

आजच्या सळईला अंगावर आटे असतात. सळई ओढली गेली की हे आटे काँक्रीटला पाचरीसारखे बाहेर ढकलतात. एकट्या सळईभोवती हा दाब एकपट असतो. जोडात दोन सळया मिळून तोच दाब देतात. बाहेरचा थर जाड असेल तर तो दाब पेलतो. थर पातळ असेल तर सळईच्या रेषेवर उभी चीर जाते आणि जोडाची पकड सुटते. गंज तर नंतर येतो. भूकंपाचा हेलकावा किंवा जादा भार आला तर गंजाची वाटही पाहावी लागत नाही.

म्हणजे जोडाच्या जागी कव्हरवर दोन ओझी असतात. गंजापासून राखणे हे एक आणि पकड टिकवणे हे दुसरे. पहिल्या कामाला पुरेसे असलेले कव्हर दुसऱ्या कामाला पुरतेच असे नाही. ही गोष्ट आमच्या ठेकेदाराला ठाऊक नव्हती, आणि आमच्या अंदाजाने बहुतेकांना नसते.

सात मि.मी. कव्हर आणि एक किलो लोखंड

मानकाने हा मुद्दा सोडलेला नाही. ताण घेणाऱ्या सळईचा जोड ओतकामाच्या वरच्या बाजूला असेल आणि सळईवरचे कव्हर तिच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर जोडाची लांबी १.४ पट करावी. जोड कोपऱ्यातल्या सळईला असून कोणत्याही बाजूचे कव्हर दुपटीपेक्षा कमी असेल, किंवा शेजारच्या दोन जोडांमधील मोकळी जागा ७५ मि.मी. अथवा व्यासाच्या सहापट, यांपैकी जे जास्त त्यापेक्षा कमी असेल, तरीही १.४ पट. दोन्ही अडचणी एकत्र आल्या तर लांबी दुप्पट.

वरच्या बाजूचा उल्लेख का? काँक्रीट ओतल्यावर खडी खाली बसते, पाणी वर येते आणि वरच्या सळयांच्या पोटाखाली थांबते. तेथे पकड मुळातच कमी असते.

आता याचा व्यापारी हिशेब मांडू. बाजारात सळईचा व्यवहार सुतात चालतो. 'सूत' म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे धागा येतो, पण लोखंडवाल्यांचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे १२ मि.मी., पाच सूत १६, सहा सूत २०, आठ सूत २५. आपण सहा सुती सळई घेऊ. एम-२५ काँक्रीट आणि ५०० दर्जाचे लोखंड असेल तर बीममधील जोडाची लांबी व्यासाच्या सुमारे ४९ पट भरते, म्हणजे ९८ सें.मी. व्यासाची दुप्पट म्हणजे ४० मि.मी. रिंग ८ मि.मी.ची आणि तिच्यावर कव्हर २५ मि.मी. राहिले, तर सळईवर ३३ झाले. ४० पेक्षा कमी. वरच्या बाजूच्या मधल्या सळईचा जोड आता १३७ सें.मी. हवा. कोपऱ्यातला असेल तर १९६ सें.मी., जवळजवळ दोन मीटर!

रिंगेवर ३२ मि.मी. कव्हर असते, तर सळईवर बरोबर ४० झाले असते आणि कव्हरपायी लांबी वाढवावी लागली नसती. सहा सुती सळईचे वजन मीटरला सुमारे अडीच किलो. वाचलेली ३९ सें.मी. म्हणजे जवळपास एक किलो लोखंड, आणि तेही एकेका जोडामागे. सात मि.मी. कव्हरची ही किंमत आहे. पावसात उघड्या कामाला सांगितलेले ३० मि.मी. धरले, तरी ३० अधिक ८ म्हणजे ३८ होतात. गंजाचा नियम पाळला गेला, तरी जोडाचा नियम दोन मि.मी.ने चुकला. आठ सुती सळईला तर ५० मि.मी. हवे, तेथे बारा मि.मी.ची तूट येते.

म्हणून काय कव्हर वाटेल तेवढे वाढवावे? नाही. बीम-स्लॅबमध्ये कव्हर वाढले की सळई आत सरकते, कामाची खोली कमी होते आणि ताकद घटते. कव्हर वाढवायचे, जोड लांब करायचा की जोडाची जागा बदलायची, हे आर.सी.सी. डिझाइन करणाऱ्याने ठरवावे. आपण फक्त त्याला प्रश्न विचारावा आणि उत्तर नकाशावर लिहून घ्यावे.

चाकणचे तीन दिवस

हे सर्व शहाणपण आम्हाला पुस्तकातून आले नाही. २०२२ मध्ये चाकणजवळ म्हाळुंगेच्या बाजूला आम्ही गोडाऊन बांधायला घेतले. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना चाकणला आला, पुढे फोक्सवॅगन आली, महिंद्र आली, आणि खेड तालुक्याच्या या भागात जागेला मोल आले. आम्हाला ईदच्या सीझनआधी माल ठेवायचा होता. म्हणून ठेकेदाराच्या मागे तारखेचा तगादा लावला, दरातही घासाघीस केली. इंजिनियरच्या जागेवरील भेटी कमी करून तिची फी वाचवली. ही आमची चूक, आणि ती आधी कबूल करतो.

खालच्या मजल्याचे सोळा कॉलम दुसऱ्या दिवशी भरायचे होते. रेडीमिक्सची गाडी ठरली होती. आदल्या संध्याकाळी इंजिनियर बाई आल्या. तिशीच्या आतली मुलगी, हातात पट्टी आणि टॉर्च. प्रत्येक पेटीत तिने वरून उजेड टाकला. पाच कॉलमपाशी थांबली. म्हणाली, "काका, उद्याची गाडी रद्द करा."

आमचा पारा चढला. ठेकेदार म्हणाला, "शेठ, थोडे इकडे-तिकडे असतेच, प्लास्टरमध्ये निघून जाईल." त्या मुलीने वाद घातला नाही. तिने पट्टी आमच्या हातात दिली आणि आम्हालाच मोजायला लावले.

नकाशात कव्हर ४० मि.मी. होते. तीन कॉलममध्ये खालून आलेल्या सळईला वरची सळई बाहेरच्या अंगाने बांधलेली. सळई २० मि.मी.ची, म्हणून रिंग तेवढीच बाहेर ढकलली गेली. चाळीसातून वीस गेले, वीस उरले. त्यात पेटी थोडी कललेली, एका बाजूला बारा मि.मी. भरले. उरलेल्या दोन कॉलममध्ये प्लिंथ भरतानाच खालच्या सळया सरकल्या होत्या. तेथे रिंग पेटीला जवळजवळ चिकटली होती. आमच्या जुन्या गाळ्याची भेग डोळ्यांपुढे उभी राहिली. तेथेही असेच काही झाले असणार, आणि तेथेही कोणीतरी "प्लास्टरमध्ये निघून जाईल" म्हणाले असणार.

आम्ही फिटरला बोलावले. पोरगा मालदा जिल्ह्यातला, हात साफ. आम्ही रागानेच विचारले की ब्लॉक का नाही लावले? त्याने खाली पाहून सांगितले की त्याला पैसे टनावर मिळतात, जोड आत की बाहेर हे कोणी सांगितले नाही, आणि कव्हर ब्लॉक जागेवर आलेच नाहीत. स्लॅबसाठी आणलेले वीसचे ब्लॉक पडले होते, कॉलमचे चाळीसचे नव्हते. का नव्हते? दरात घासाघीस करताना ती बाब आम्हीच बिलातून काढायला लावली होती. एका ब्लॉकची किंमत चहाच्या कपाहून कमी. आम्ही गप्प झालो.

काम तीन दिवस थांबले. गाडी रद्द केल्याचा भुर्दंड पडला, बसून राहिलेल्या मजुरांची हजेरी द्यावी लागली. तीन कॉलमच्या रिंगा सोडून वरची सळई आतल्या अंगाला घेतली. तिला जोडाच्या वर हळूवार बाक देऊन पुन्हा आपल्या रेषेत आणली. या बाकाला फिटर लोक क्रँक म्हणतात. त्याचा उतार सहास एकहून अधिक तिखट नसावा. २० मि.मी. सरकायचे तर निदान १२० मि.मी. लांबी द्यावी. सरकलेल्या सळयांच्या दोन कॉलममध्ये तिने घण मारू दिला नाही, सळई गरमही करू दिली नाही. हिशेब करून पेटीच त्या बाजूने रुंद करायला लावली. पेट्या उघडल्यावर कव्हरमीटर नावाचे यंत्र काँक्रीटवर फिरवून पुन्हा मोजणी केली. त्या दिवशी आम्ही शुक्राना अदा केला आणि तिची कापलेली फी पुरी केली.

जाताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. कॉलमचे जोड फरशीला लागून सुरू करण्याची आपल्याकडे रीतच आहे. पण भूकंपात सर्वाधिक जोर कॉलमच्या टोकांना येतो. आय.एस. १३९२० हे मानक १९९३ मध्ये निघाले आणि २०१६ मध्ये सुधारले. ते सांगते की जोड कॉलमच्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागात घ्यावा, तेथे रिंगा जवळजवळ द्याव्यात आणि एका ठिकाणी निम्म्याहून अधिक सळया जोडू नयेत. वरच्या मजल्याला आम्ही तसेच केले. खालून येणाऱ्या सळया थोड्या लांब ठेवाव्या लागतात, एवढेच.

कपलरवाल्यांनीही ध्यान द्यावे

जाड सळयांना हल्ली लॅपऐवजी आट्यांचा कपलर लावतात. आठ सुती सळईच्या एका लॅपमध्ये सव्वा मीटर, म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास लोखंड जाते. ते वाचते, आणि सळयांची गर्दीही कमी होते. यासाठी आय.एस. १६१७२ हे वेगळे मानक २०१४ मध्ये आले. आपल्या पट्ट्यात लेथ आणि आटे पाडण्याचे हुनर असलेले बांधव पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे काम चांगले आहे.

मात्र कपलर सळईहून जाड असतो. समजा २५ मि.मी. सळईवर ३८ मि.मी. जाडीचा कपलर बसला, तर तो प्रत्येक बाजूला साडेसहा मि.मी. बाहेर आला. त्यावरून रिंग गेली तर तीही तेवढीच बाहेर. कव्हर या सर्वांत बाहेरच्या लोखंडापासून मोजायचे. नुसत्या सळईवरून मोजून कपलर विसरणे ही नेहमीची चूक आहे.

तेजाब आणि आग

भोसरी-चिंचवडच्या बाजूला प्लेटिंगचे काम करणाऱ्या बांधवांना एक खास सूचना. लोखंड धुण्याच्या तेजाबाच्या वाफा काँक्रीटच्या शत्रू आहेत, आणि मिठाच्या तेजाबातील क्लोराइड तर सळईचा थेट शत्रू. मानकाच्या भाषेत संक्षारक वाफांची जागा 'अति तीव्र' वर्गात मोडते. तेथे काँक्रीट किमान एम-३५ हवे आणि कव्हर ५० मि.मी.च्या घरात. साध्या दुकानासाठी बांधलेला गाळा भाड्याने घेऊन त्यात टाक्या मांडल्या, तर पहिली भेग कोठे येईल ते आता सांगायला नको. गाळा घेण्याआधी कॉलमच्या पायथ्याशी तांबूस डाग पाहून घ्यावेत.

आमच्या कापडवाल्यांची भीती आगीची. लोखंड साधारण ५५० अंश सेल्सिअसला आपली निम्मी ताकद गमावते. तेवढी धग आत पोचायला जो वेळ लागतो तो कव्हरच्या जाडीचा. दोन तासांच्या आगीसाठी मानक सलग बीमला ३०, सुट्या बीमला ४०, सलग स्लॅबला २५ आणि सुट्या स्लॅबला ३५ मि.मी. कव्हर मागते. गोडाऊन बांधताना इंजिनियरला आधीच सांगावे की आत कापडाचे तागे राहणार आहेत. त्याला न सांगता दुकानाचा नकाशा गोडाऊनला वापरणे हा स्वतःशीच केलेला खोटा सौदा आहे.

काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी

आमच्या अनुभवातून पुढील गोष्टी प्रत्येक मालकाने स्वतः पाहाव्यात. त्यासाठी पट्टी, टॉर्च आणि अर्धा तास पुरे.

१. नकाशावर प्रत्येक भागाचे कव्हर, जोडाची जागा आणि जोडाची लांबी लिहिलेली आहे ना? नसेल तर लिहून घ्या.

२. कव्हर रिंगेच्या बाहेरून मोजा. जोड असेल तेथे जोडावरच मोजा, मोकळ्या सळईवर नव्हे.

३. जोडातील दुसरी सळई आत किंवा बाजूला आहे ना? बाहेर असेल तर काम थांबवा.

४. सगळे जोड एकाच रेषेत नाहीत ना? दोन जोडांच्या मध्यांमध्ये जोडाच्या लांबीच्या निदान १.३ पट अंतर असावे.

५. कव्हर ब्लॉक योग्य मापाचे, काँक्रीटच्याच तोलाचे व पक्के बांधलेले हवेत. फरशीचे तुकडे, लाकडाच्या चिपा, खडीचे खडे चालणार नाहीत. जोडाच्या खाली व वर एकेक ब्लॉक असावाच.

६. जोडापाशी लोखंडाची दाटी असते. खडी आणि व्हायब्रेटरची सुई आत जाते ना? नाही तर आत पोकळी राहते आणि कव्हर केवळ कागदावर उरते.

७. बीम-स्लॅबच्या वरच्या सळयांना खुर्च्या द्या. मजुरांच्या पायांखाली त्या दबल्या की वरचे सगळे माप चुकते.

कारागीर बंधूंना दोन शब्द

सेंट्रिंग आणि फिटिंगच्या कामात आपले पुष्कळ तरुण आहेत. त्यांना टनावर किंवा चौरस फुटावर दर मिळतो, आणि कव्हरला कोणी वेगळे पैसे देत नाही. आमची मालक मंडळींना विनंती आहे की कव्हर ब्लॉक व ओतण्यापूर्वीची तपासणी या बाबी करारात स्वतंत्र लिहाव्यात आणि त्यांचे पैसे द्यावेत. बिलात नसलेली गोष्ट कामात उतरत नाही, हे आम्ही स्वतः पाहिले.

आणि कारागिरांना विनंती की नकाशा वाचायला शिकावे. जो फिटर मालकाला सांगू शकतो की "शेठ, येथे जोड आत घ्यावा लागेल, चाळीसचे ब्लॉक मागवा", त्याला कोणी नुसता मजूर म्हणणार नाही. आमच्या गोडाऊनवरचा तो मालद्याचा पोरगा त्या तीन दिवसांत सर्व शिकला. वरच्या मजल्याच्या वेळी ब्लॉक कमी पडले, तेव्हा त्याने ठेकेदाराला न जुमानता सळई बांधायचे थांबवले आणि सरळ आम्हाला फोन केला. त्या महिन्यात आम्ही त्याला जादा पैसे दिले. आमच्या मते ती त्या गोडाऊनवरील सर्वांत स्वस्त खरेदी होती.

जुन्या गाळ्याची दुरुस्ती अखेर झाली. कॉलम उकरून, सळया घासून, जादा लोखंड लावून भोवती नवे काँक्रीट घातले. त्या एका कॉलमचे बिल गाळ्याच्या चार महिन्यांच्या भाड्याएवढे झाले. बांधताना तेथे दोन ब्लॉक लावले असते तर ते वाचले असते. शिलाईकाम करणाऱ्या त्या बाई आजही आमच्याकडे येतात. नवा ठाण कापायच्या आधी त्या कैची खाली ठेवून बोटाने काठ मोजतात. बांधकामातही काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी एवढेच करायचे आहे.